आईचे दोन हजार कोणाच्या वाट्यातून?

बंगळुरूच्या चामराजपेटमध्ये एका क्रॉसवर, इस्त्रीवाल्याच्या दुकानावर माझी भाड्याची खोली आहे. मार्च २०२५ मध्ये निपाणीकडची एक मुलगी या खोलीवर आली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते, घरातली पहिली पदवीधर ठरणार. हातात वर्तमानपत्र होतं. ७ मार्चला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी कर्नाटकाचा अर्थसंकल्प मांडला होता, ४ लाख ९ हजार ५४९ कोटींचा. त्यातल्या एका ओळीखाली तिने पेनाने रेघ मारली होती: अनुसूचित जाती-जमाती उपयोजनेसाठी ४२ हजार १८ कोटी रुपये.

"अक्का, एवढे पैसे आपले आहेत म्हणतात. मग माझी स्कॉलरशिप सात महिने का अडकलीय?"

मी सवयीने सांगून टाकलं, पोर्टल असतं, पडताळणी असते, केंद्राचा हिस्सा यायचा असतो. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. २०२०-२१ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के असं सूत्र आहे आणि दोन्हीकडचा ताळमेळ लागेपर्यंत पोरांचं वर्ष निघून जातं. एम.ए.ला असताना माझेही पैसे असेच रखडले होते. फी भरली नाही म्हणून गुणपत्रिका अडवली गेली, तेव्हा आईने भिशी मोडली होती. हे सगळं ऐकून मुलीने दुसरा प्रश्न टाकला. "पण हे विचारायचं कोणी? आमदारांनी ना? ते कुठं विचारतात?"

समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे, राज्यसंस्था आणि जात हाच विषय आहे, तरी त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेलं उत्तर. आपल्यातले पहिल्या पिढीचे जे पदवीधर अर्थसंकल्पाचं पान "ते अर्थशास्त्रवाल्यांचं" म्हणून उलटतात, त्यांच्यासाठीही आहे. कालपर्यंत मीही तेच करत होते.

सभागृहात काय होतं

टीव्हीवर आपल्याला अर्थमंत्र्यांचं भाषण दिसतं. दोन-तीन तास, मध्ये एखादी कविता, बाकांचं वाजणं. पण भाषण म्हणजे अर्थसंकल्प नव्हे. संविधानाच्या कलम २०२ खाली वार्षिक वित्तीय विवरणपत्र सभागृहासमोर ठेवलं जातं. त्यानंतर कलम २०३ प्रमाणे प्रत्येक खात्याचा खर्च "अनुदानाची मागणी" म्हणून विधानसभेपुढे येतो. विधानपरिषद चर्चा करू शकते, मागण्यांवर मतदान मात्र विधानसभाच करते. आणि हे मतदान कसलं, तर मागणी मान्य करा, नाकारा किंवा कमी करा. वाढवता येत नाही. म्हणजे तुमच्या-माझ्या मतदारसंघाचा आमदार कितीही तळमळीचा असला, तरी वसतिगृहाच्या मागणीत एक रुपया स्वतःहून वाढवू शकत नाही. मागणी येते ती राज्यपालांच्या शिफारशीने, म्हणजे प्रत्यक्षात मंत्रिमंडळाकडून.

कमी करायला सुचवता येतं, त्याला कपात सूचना म्हणतात. ती मंजूर झाली तर सरकारचीच नाचक्की, म्हणून ती मंजूर होत नाही. उरते चर्चा, आणि चर्चेला वेळ नसतो. ठरलेल्या दिवशी ठरलेली वेळ भरली की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकतात. याला संसदीय भाषेत "गिलोटिन" म्हणतात, फ्रान्समध्ये ज्या यंत्राने मुंडकी उडवत त्याचं नाव. त्या पात्याखाली कोणत्या खात्याच्या मागण्या जातात, यावर लक्ष ठेवून पाहा. मग विनियोजन विधेयक मंजूर होतं आणि तिजोरीतून पैसा काढायची परवानगी मिळते. वर्षभरात पुरवणी मागण्या येतात, त्याही बहुधा गोंधळात पास होतात.

एवढ्या घाईत हजारो पानांचा हिशेब कोण तपासणार? त्यासाठीच समित्या आहेत.

समितीची खोली

समितीच्या खोलीत मी कधीच बसलेले नाही. बसताही येत नाही, कारण या बैठका बंद दाराआड होतात. अहवाल सभागृहात मांडला गेला की मगच तो आपला. म्हणून मला जे माहीत आहे ते नियम आणि अहवाल वाचून.

पैशावर नजर ठेवणाऱ्या मुख्य समित्या दोन. एक अंदाज समिती, दुसरी लोकलेखा समिती. घरच्या लग्नाचं उदाहरण घ्या. खर्च करण्याआधी "दोन पोती तांदूळ पुरतो, चार कशाला?" असं विचारणारी आत्या म्हणजे अंदाज समिती. लग्न उरकल्यावर चिठ्ठ्या घेऊन बसणारा आणि "तेलाचे तीन डबे आणले, एकच चुलीवर चढला, दोन कुठं गेले?" असं विचारणारा काका म्हणजे लोकलेखा समिती. काकाच्या हातात नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, अहवाल असतो. संसदेत लोकलेखा समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. मंत्री या समित्यांचे सदस्य होऊ शकत नाहीत, कारण हिशेब त्यांच्याच खात्यांचा असतो.

अंदाज समिती वर्षाच्या सुरुवातीला काही खाती किंवा योजना निवडते. खात्याला प्रश्नावली पाठवते, कागद मागवते, जिल्ह्यात दौरे काढते, सचिवांना साक्षीला बोलावते. मग अहवाल देते: इथे काटकसर करता येईल, इथे पैसा नीट बेतलेला नाही, इथे योजनेची रचनाच चुकली आहे. लोकसभेच्या नियमांत या समितीला आणखी एक काम दिलं आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अंदाजपत्रक संसदेपुढे कोणत्या स्वरूपात मांडावं, हे समिती सुचवू शकते. म्हणजे कोणता खर्च वेगळा दाखवायचा, कोणता कशात मिसळायचा नाही, हे ती बोलू शकते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मर्यादा. त्याही तीन आहेत. पहिली वेळेची. लोकसभेचा नियमच सांगतो की समिती वर्षभर तपासणी करू शकते, सगळे अंदाज तपासणं तिच्यावर बंधनकारक नाही आणि तिचा अहवाल आला नसला तरी मागण्या मंजूर होऊ शकतात. आत्या प्रश्न विचारते, पण तोवर तांदूळ शिजलेला असतो. दुसरी धोरणाची. सरकारने ठरवलेल्या धोरणाच्या चौकटीत राहूनच खर्चाचा विचार करायचा. तिसरी ताकदीची. अहवाल म्हणजे शिफारस, आदेश नव्हे. सरकारने काय केलं ते पुढे कार्यवाही अहवालात कळतं, आणि तो अहवाल कोणी वाचत नाही.

दुसरा रस्ता असू शकतो. संसदेने १९९३ मध्ये खातेनिहाय स्थायी समित्या सुरू केल्या. त्या मतदानाच्या आधी खात्याच्या मागण्या तपासतात. केरळ विधानसभेने त्याही आधी, १९८० मध्ये, विषय समित्या नेमल्या आणि मागण्या तिकडे पाठवायला सुरुवात केली. तांदूळ शिजायच्या आधी विचारणं अशक्य नाही, एवढंच यातून दिसतं.

कर्नाटकात अनुसूचित जाती-जमाती कल्याण समितीही आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी, अनुसूचित जमातींसाठी आणि विमुक्त-भटक्यांसाठी वेगवेगळ्या कल्याण समित्या आहेत. कागदावर पाहिलं तर आपल्या पैशावर नजर ठेवणारे डोळे भरपूर आहेत.

धुळ्याची खोली आणि मुंबईची ताटं

मराठी वाचकाला अंदाज समिती हे नाव बहुधा २०२५ मध्येच पहिल्यांदा कळलं असेल. मे महिन्यात महाराष्ट्र विधिमंडळाची ही समिती धुळे दौऱ्यावर होती. तिथल्या शासकीय विश्रामगृहातल्या एका खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपयांची रोकड सापडली. खोली समिती अध्यक्षांच्या स्वीय सहायकाच्या नावाने घेतलेली. माजी आमदार अनिल गोटे दारासमोर ठाण मांडून बसले होते, म्हणून दार उघडावं लागलं. अध्यक्षांनी आरोप नाकारले, चौकशीसाठी विशेष पथक नेमलं गेलं. दोष कोणाचा हे चौकशी ठरवेल. मला त्यातली एकच गोष्ट खटकते. जी समिती जिल्ह्यात पैसा कसा खर्च झाला हे विचारायला जाते, तिच्या मुक्कामाची बातमी पैशाच्या बंडलांनी व्हावी.

महिनाभराने, २३ आणि २४ जूनला, मुंबईच्या विधानभवनात देशभरच्या अंदाज समित्यांच्या अध्यक्षांची परिषद झाली. संसदेची अंदाज समिती १९५० मध्ये स्थापन झाली, तिच्या पंचाहत्तरीनिमित्त. काटकसर सुचवणाऱ्यांच्या या मेळाव्यात जेवण चांदीच्या ताटांत वाढल्याची टीका झाली आणि ताटं चांदीची की नुसत्या मुलाम्याची यावर वाद रंगला.

आपण हसलो, मीम फिरवले आणि विसरलो. चूक तिथेच झाली. समितीची थट्टा झाली की समिती गेली असं होत नाही. ती खोली तशीच राहते, फक्त आपलं लक्ष तिथून उठतं. आणि ज्यांचं लक्ष उठत नाही, ते ठेकेदार आणि अधिकारी तिथे नेमाने हजर असतात.

कोगनोळी नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे

आता आमच्या घरातली गोष्ट सांगते. आई निपाणीत राहते. आयुष्यभर विड्या वळल्या, आता बोटं वळत नाहीत. तिला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार मिळतात. माझी मावशी कागलला दिलेली, निपाणीपासून वीसेक किलोमीटर, मध्ये फक्त कोगनोळी नाका. तिला महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेचे दीड हजार मिळतात. दोघी बहिणी फोनवर एकमेकींना चिडवतात, "तुझं सरकार मोठं की माझं?" त्या पैशात आईचं औषध येतं, मावशीच्या नातीचा क्लास चालतो. हे पैसे मिळू नयेत असं मी कधीच म्हणणार नाही. ज्यांच्या घरात पगाराची स्लिप येते त्यांनी याला रेवडी म्हणावं, आम्ही म्हणणार नाही.

प्रश्न वेगळा आहे. हे पैसे कोणत्या शीर्षाखाली लिहिले जातात?

२०२४-२५ मध्ये कर्नाटकाने अनुसूचित जाती-जमाती उपयोजनेसाठी ३९ हजार १२१ कोटी ठेवले. त्यातले १४ हजार २८२ कोटी पाच गॅरंटी योजनांकडे गेले. रुपयातले छत्तीस पैसे. सरकारचं म्हणणं असं की या योजनांचे जे लाभार्थी अनुसूचित जाती-जमातींचे आहेत त्यांच्यावरच हा पैसा खर्च होतो, मग वळवला कुठे? महाराष्ट्रात मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख दिले गेले, तेव्हा सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. त्यावर मुख्यमंत्र्यांनी हे अर्थसंकल्पाच्या नियमांना धरूनच असल्याचं सांगितलं. बंगळुरूत काँग्रेस, मुंबईत महायुती. एकमेकांवर तुटून पडणारे हे पक्ष आपल्या पैशाच्या बाबतीत एकच वाक्य बोलतात.

त्या वाक्याला माझ्या आईकडून उत्तर द्यायचं तर असं. गृहलक्ष्मी योजना राज्यातल्या कुटुंबप्रमुख बाईसाठी आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या सवर्ण काकूंनाही दोन हजार मिळतात, आईलाही. काकूंचे दोन हजार राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून. आईचे दोन हजार मात्र तिच्या समाजासाठी बाजूला काढलेल्या निधीतून. राज्याची नागरिक म्हणून काकूंना जे मिळतं, ते आईला दलित म्हणून वेगळ्या डब्यातून वाढलं जातं, आणि मग त्या डब्यातून वसतिगृह, शिष्यवृत्ती, जमीन खरेदी, उद्योगाला कर्ज यांसाठी जे निघायला हवं होतं ते तेवढं कमी होतं. एकाच पंगतीला बसवल्याचा देखावा, पण आपलं ताट आपणच घरून आणायचं. गावच्या पंगतीत आपल्या आज्या-आजोबांनी हे पाहिलं आहे. आता ते लेखाशीर्षात आलं आहे.

उपयोजनेची मूळ कल्पना नेमकी याच्या उलट होती. आदिवासी उपयोजना पाचव्या पंचवार्षिक योजनेत आली, अनुसूचित जातींसाठीची विशेष घटक योजना १९७९-८० मध्ये. सर्वसाधारण योजनांचा लाभ आपल्या वस्तीपर्यंत झिरपत नाही, हे कबूल करून लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा निधी ठेवायचा. तो दुसरीकडे वळवता येऊ नये आणि वर्षअखेर बुडू नये, असं नियोजन आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत होतं. पुढे आयोग गेला. २०१७-१८ पासून योजना आणि योजनेतर खर्च हा भेदही गेला.

कर्नाटकाने २०१३ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षी आंध्र प्रदेशातही तसा कायदा झाला होता. २०११ च्या जनगणनेप्रमाणे कर्नाटकात अनुसूचित जाती १७.१५ टक्के आणि जमाती ६.९५ टक्के, मिळून २४.१ टक्के. तेवढा हिस्सा राखून ठेवायचा. महाराष्ट्रात अशाच कायद्याची मागणी चळवळीने वर्षानुवर्षं लावून धरली आहे. कायदा हवाच, पण कायदा झाला की काम संपलं असं समजणाऱ्यांनी कर्नाटकाकडे जरूर पाहावं. इथल्या कायद्यात कलम ७(ड) होतं. रस्ता, पूल यांसारख्या सगळ्यांच्या कामात आपल्या लोकसंख्येइतका खर्च आपल्यावरच झाला असं "मानून" घ्यायची सोय त्यात होती. अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर ते कलम २०२३ मध्ये वगळलं गेलं. आपण एक दार लावून घेतलं आणि गॅरंटीच्या नावाने दुसरं उघडलं.

आणखी एक साधा हिशेब करा. ४ लाख ९ हजार ५४९ कोटींतले ४२ हजार १८ कोटी म्हणजे दहा टक्क्यांच्या थोडे वर. मग २४.१ टक्के कुठे? ४२ हजार १८ कोटी २४.१ टक्के होण्यासाठी एकूण रक्कम सुमारे १ लाख ७४ हजार कोटीच धरावी लागते. उरलेले सव्वादोन लाख कोटींहून अधिक रुपये हिशेबाच्या बाहेर. पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचं व्याज यांसारख्या खर्चाची वाटणी होत नाही, असं यावरचं उत्तर असतं. त्यातलं काही रास्तही असेल. पण कोणती रक्कम वाटणीत धरायची आणि कोणती नाही, हे कोण ठरवतं? वित्त विभाग. त्याला हा प्रश्न साक्षीला बोलावून विचारण्याचं ठिकाण कोणतं? समितीची खोली.

खोलीत बसलेले आपले

कर्नाटक विधानसभेच्या २२४ जागांपैकी ३६ अनुसूचित जातींसाठी आणि १५ जमातींसाठी राखीव आहेत. महाराष्ट्रात २८८ पैकी २९ आणि २५. इकडे ५१, तिकडे ५४ आमदार. एवढ्यांनी ठरवलं तर गिलोटिनचं पातं अडेल. पण ते अडत नाही, कारण राखीव जागेवरचा आमदार निवडून येतो सगळ्यांच्या मतांवर आणि तिकीट मिळतं पक्षाच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी पुणे करारानंतर आयुष्यभर हीच खंत मांडली. सभागृहात पक्षादेश असतो, समोर कॅमेरा असतो, तिथे तो गप्प बसतो हे समजू शकतं. समितीच्या खोलीत मात्र कॅमेरा नसतो आणि तिथलं काम पक्षभेद बाजूला ठेवून करण्याची परंपरा आहे. तिथे बोलायला काय हरकत आहे?

माझा अनुभव सांगते. संशोधनाच्या निमित्ताने काही आजी-माजी आमदारांशी बोलले. बऱ्याच जणांची अडचण हेतूची नव्हती, कागदाची होती. खात्याचा सचिव पंचवीस वर्षं फायली चाळून आलेला, त्याच्यासमोर आमदाराच्या हातात टिपणाचा एक कागदही नाही. एक माजी आमदार मला म्हणाले, "पोरी, मला कोणी चार ओळी लिहून दिल्या असत्या तर मी विचारलं असतं." तेव्हा मला हे वाक्य सबब वाटलं. आता ते आपल्यावरचं बोट वाटतं. कारण चार ओळी लिहू शकणारे आपल्यात आता हजारोंनी आहेत.

आणि ही परंपरा आपलीच आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात सरकारचा महसूल राबणाऱ्यांच्या घामातून येतो आणि त्याचा शैक्षणिक फायदा वरच्या जाती घेतात, हे दाखवून दिलं. तो अर्थसंकल्पाचाच हिशेब होता. बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात आले आणि २४ फेब्रुवारी १९२७ ला बोलायला उभे राहिले ते अंदाजपत्रकावर. महाडचा सत्याग्रह अजून व्हायचा होता. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्येच आला होता. त्या भाषणात त्यांनी जमीन महसुलावर बोट ठेवलं. प्राप्तिकराला उत्पन्नाची किमान मर्यादा आहे, त्याखाली कर नाही, पण शेतकऱ्याने पीक येवो न येवो, जमीन गुंठाभर असो की शंभर एकर, महसूल भरायचाच, हा कोणता न्याय? पुढच्याच महिन्यात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना माणशी शिक्षणावर होणारा खर्च आणि माणशी दारूच्या करातून मिळणारं उत्पन्न त्यांनी शेजारी शेजारी ठेवलं. दोन आकडे शेजारी ठेवायचे आणि मधली दरी दाखवायची, ही त्यांची पद्धत. आपण त्यांचा फोटो भिंतीवर लावला. ही पद्धत मात्र अजून अंगी बाणवायची आहे.

चार ओळी लिहायच्या कशा

त्या मुलीला मी पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलं. लॅपटॉपवर वित्त विभागाच्या संकेतस्थळावरून अर्थसंकल्पाचे खंड उघडले. तिला जे दाखवलं तेच इथे लिहिते, म्हणजे कोणालाही करता येईल.

सरकारी लेख्यांमध्ये प्रत्येक खर्चाला आकड्यांचं शीर्ष असतं. त्यातलं ७८९ हे लघुशीर्ष अनुसूचित जाती उपयोजनेचं आणि ७९६ आदिवासी उपयोजनेचं. देशभर हेच आकडे. आपल्या खात्याच्या मागणीत ७८९ शोधा. समोर चार रकाने दिसतील: दोन वर्षांमागचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. आता बाबासाहेबांची पद्धत वापरा. अंदाज आणि सुधारित अंदाज शेजारी ठेवा. कुठे कमी झालं? मागच्या वर्षीचा खंड काढून अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी ठेवा. कुठे खर्चच झाला नाही? ७८९ खाली अशी कोणती योजना आहे जिचं नाव सगळ्यांसाठी आहे? एवढं झालं की चार ओळी तयार.

त्या ओळी कोणाकडे द्यायच्या? समितीच्या सदस्यांची नावं विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतात. आपल्या जिल्ह्यातला सदस्य कोण ते पाहा. समिती दौऱ्यावर येणार असेल तेव्हा निवेदन देऊन पोच घ्या. कॅगचा अहवाल संविधानाच्या कलम १५१ प्रमाणे विधिमंडळात ठेवला जातो, तो मोफत वाचायला मिळतो. त्यातला तुमच्या वसतिगृहाचा, तुमच्या महामंडळाचा परिच्छेद काढा आणि लोकलेखा समितीने त्यावर काय केलं ते विचारा. माहितीचा अधिकार आहेच. आणि हे सगळं मार्चमध्ये नाही, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू करा. खाती पुढच्या वर्षाचे अंदाज तेव्हा बनवायला घेतात. मार्चमध्ये आपण फक्त घोषणा देऊ शकतो.

समित्यांकडे मागायचं ते एकच, आणि ते त्यांच्या अधिकारात बसतं. अंदाज समितीने आणि कल्याण समितीने शिफारस करावी की सगळ्यांसाठी असलेल्या योजनेचा एकही रुपया ७८९ आणि ७९६ खाली दाखवू नये. तो सर्वसाधारण शीर्षाखाली दाखवावा, मग लाभार्थी कोणत्याही जातीचा असो. धोरणाला हात लावायचा नाही, गृहलक्ष्मी बंद करायची नाही, लाडकी बहीण बंद करायची नाही. फक्त मांडणी बदलायची. सरकार नाही म्हणालं तर ते लेखी म्हणेल, आणि ते लेखी उत्तर पुढच्या आंदोलनाचं पहिलं पान असेल.

मुलीने वहीत दोन पानं भरली. तिची शिष्यवृत्ती त्यानंतरही पाच आठवड्यांनी आली, आमच्या चार ओळींमुळे नव्हे. पण आता तिच्या वसतिगृहात दर रविवारी पाच-सहा जणी एक मागणी घेऊन बसतात. एक आकडे वाचते, दुसरी लिहिते. भांडणंही होतात.

चामराजपेटहून विधानसौधला जायला मी के. आर. मार्केटला मेट्रो धरते आणि मॅजेस्टिकला बदलते. उतरायचं ते स्टेशन डॉ. बी. आर. आंबेडकर स्टेशन. वर आलं की समोर ती दगडी इमारत आणि तिच्यावर कन्नडमध्ये कोरलेलं वाक्य, सरकारचं काम म्हणजे देवाचं काम. देवाला हिशेब विचारायची आपल्याकडे रीत नाही. पण स्टेशनला ज्यांचं नाव दिलं आहे त्यांनी देवालाही प्रश्न विचारले आणि सरकारलाही. आपण निदान सरकारच्या ७८९ पासून सुरुवात करू.

जय भीम.